कुरकुंभची पावडर मेंदूत काय करते

पुणे–सोलापूर महामार्गाला दौंड–बारामती रस्ता जिथे छेदतो, तिथे कुरकुंभ आहे. पंचक्रोशीत हे गाव फिरंगाई देवीमुळे ओळखलं जायचं. मग औद्योगिक वसाहत आली, रसायनांचे आणि औषधांच्या कच्च्या मालाचे कारखाने उभे राहिले, दौंड तालुक्यातल्या कितीतरी घरांची चूल त्या पगारावर पेटू लागली. २०२४ च्या फेब्रुवारीत मात्र कुरकुंभचं नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत वेगळ्याच कारणाने आलं. पुणे पोलिसांनी सोमवार पेठेत काही संशयित पकडले, तपास विश्रांतवाडीतल्या गोदामाकडे वळला आणि तिथून कुरकुंभच्या एका कारखान्यात पोचला. तिथे मेफेड्रोन, म्हणजे बाजारातलं ‘एमडी’, शेकडो किलोंनी सापडलं. पुढे दिल्ली आणि सांगलीतले साठे धरून एकूण माल १,७०० किलोंच्या वर गेला आणि पोलिसांनी काढलेली त्याची किंमत साडेतीन हजार कोटींच्या पुढे होती. शेजारचा शिरूर तालुकाही यातून सुटलेला नव्हता. २०२० च्या ऑक्टोबरात चाकणजवळ वीस किलो एमडी पकडलं गेलं, तेव्हा तपासाचा धागा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत आला होता.

किलो आणि कोटी यांची चर्चा भरपूर झाली. पण ज्या घरातला मुलगा या पावडरीला लागलाय, त्या घराला वेगळंच काही जाणून घ्यायचं असतं. रात्र रात्र जागणारा, ताटावरून उठून जाणारा, काल सगळ्यांना जीव लावणारा आणि आज आईच्या अंगावर धावून येणारा हा आपलाच मुलगा का? पेशींच्या पातळीवर या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आज ठाऊक आहे. ते प्रयोगशाळांत आणि इंग्रजी नियतकालिकांत राहून चालणार नाही. शिरूर-दौंडच्या घरांत ते पोचायला हवं.

मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. एका पेशीतून विजेचा बारीक स्पंद धावतो, पण पेशीच्या टोकाशी येऊन तो थांबतो, कारण पुढच्या पेशीच्या आधी एक फट असते. ही फट मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाएवढी. ती ओलांडतं ते रसायन. हे पहिल्यांदा नीट दाखवलं ऑटो लोवी यांनी, १९२१ मध्ये, बेडकाच्या हृदयावर. एका हृदयाची चेता उत्तेजित करून त्याचे ठोके त्यांनी मंद केले, त्याच्याभोवतीचा द्राव दुसऱ्या हृदयावर सोडला, आणि ज्याच्या चेतेला हातही लावला नव्हता ते दुसरं हृदयही मंदावलं. द्रावात काहीतरी होतं. पुढे ते अॅसिटिलकोलीन असल्याचं ठरलं. आज अशी रसायनं कितीतरी माहीत आहेत. पेशीच्या टोकाशी सूक्ष्म पिशव्यांत ती भरून ठेवलेली असतात. स्पंद आला की फटीत सुटतात, पलीकडच्या पेशीवरच्या ग्राहींना चिकटतात, आणि काम झालं की पाठवणाऱ्या पेशीच्या भिंतीतले प्रथिनांचे पंप त्यांतली बरीचशी पुन्हा आत ओढून घेतात. माणसाच्या वागण्यात ढवळाढवळ करणारी जवळपास सगळी द्रव्यं या साखळीतल्या कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर बोट ठेवतात. चहातलं कॅफिन थकवा कळवणाऱ्या अॅडेनोसिनचे ग्राही अडवतं. दारू आणि ताडीत भेसळ केलं जाणारं क्लोरल हायड्रेट मेंदूला शांत करणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाचा जोर वाढवतात. एमडी हात घालतं ते पंपावर.

त्या पंपातून ये-जा करणारं मुख्य रसायन डोपामिन. त्याचा शोध ज्या वाटेने लागला, ती वाट मुंबईवरून जाते, आणि हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. डॉ. रुस्तम जाल वकील हे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ. सह्याद्रीतही सापडणारी सर्पगंधा ही मुळी आपल्या वैद्यकात जुनी आहे. तिने रक्तदाब उतरतो, हे वकिलांनी रुग्णांवर पद्धतशीर तपासलं आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापलं. त्या निबंधानंतर जगाचं लक्ष या मुळीकडे गेलं. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढण्यात आलं, १९५४ मध्ये अमेरिकेत नेथन क्लाइन यांनी ते मानसिक रुग्णांना दिलं, आणि १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. रक्तदाबाच्या काही रुग्णांत मात्र या औषधाने खिन्नता येत असल्याच्या नोंदी होऊ लागल्या. स्वीडनमध्ये अर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन टोचलं, तेव्हा ते जागच्या जागी गोळा होऊन पडले. कान लोंबलेले, हालचाल नाही. मग त्यांना एल-डोपा हे द्रव्य दिलं, आणि ससे उठून वावरू लागले. एल-डोपापासून मेंदूत डोपामिन बनतं. तोवर डोपामिन हा दुसऱ्या रसायनाच्या घडणीतला मधला टप्पा एवढाच समजला जात होता. ते स्वतः संदेश नेतं, आणि ते नसलं तर जीव हलतही नाही, हे या सशांनी दाखवलं. कार्लसन यांना २००० साली नोबेल मिळालं. रेसर्पिन काय करतं तर पेशीतल्या त्या सूक्ष्म पिशव्या भरूच देत नाही. पुरवठाच आटला की सशाची इच्छा, चाल, उठणं-बसणं सगळं थांबतं. आणि ज्या एल-डोपाने ते ससे उठले, ते आपल्याकडे बांधावर, झुडपांवर चढलेल्या खाजकुइलीच्या बियांत भरपूर असतं. शेंगेच्या कुसळांनी अंगाची लाही होते म्हणून पोरं तिच्यापासून लांब पळतात. त्याच वेलाच्या बियांचा कंपवातावर होणारा उपयोग मुंबईतल्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकात तपासला होता.

डोपामिन बनवणाऱ्या पेशी मध्यमेंदूत आहेत. त्या चार ते सहा लाखच. ८,६०० कोटींपुढे ही संख्या काहीच नाही. पण एकेका पेशीचे धागे मेंदूभर दूरवर पसरलेले असतात. काही धागे हालचालीच्या केंद्रांकडे जातात, काही न्यूक्लियस अॅकम्बन्स नावाच्या छोट्या गाठीकडे, काही कपाळामागच्या अग्रखंडाकडे. म्हणूनच एका रसायनात बदल झाला की माणसाची हौस, चाल, निर्णय आणि संशय हे सारं एकदम बदलतं.

आता एमडी. येमेन आणि इथिओपियात लोक ‘खात’ नावाच्या झुडपाची पानं चघळतात. त्यांत कॅथिनोन हे उत्तेजक असतं. मेफेड्रोन हा कॅथिनोनचाच प्रयोगशाळेत घडवलेला भाऊबंद. तो पहिल्यांदा १९२९ मध्ये तयार झाला आणि विसरला गेला. या शतकाच्या सुरुवातीला चोरून रसायनं बनवणाऱ्यांनी तो पुन्हा उकरून काढला. ब्रिटनने २०१० मध्ये त्यावर बंदी आणली. भारतात २०१५ च्या फेब्रुवारीत तो अंमली पदार्थांच्या यादीत आला, तोवर मुंबईत ‘म्याव म्याव’ या नावाने त्याचा बराच फैलाव झाला होता. आज ५० ग्रॅम एमडी ही व्यापारी मात्रा धरली जाते आणि त्याला दहा ते वीस वर्षांची शिक्षा आहे. शेतातून यावी लागणारी ही वस्तू नाही. अफूला शेत लागतं, गांजाला शेत लागतं; एमडीला लागते ती भट्टी, द्रावकं आणि रसायन शिकलेला माणूस. म्हणून ते औद्योगिक वसाहतीत बनू शकतं. याचा अर्थ कुरकुंभचा रसायन उद्योग वाईट असा मुळीच नाही. तिथे प्रामाणिकपणे राबणाऱ्या हजारो हातांवर तो डाग लावणं अन्याय आहे.

मेफेड्रोनचा रेणू डोपामिनच्या घडणीचा. पंप त्याला डोपामिन समजून पेशीत ओढून घेतात. आत शिरल्यावर तो पिशव्यांतलं डोपामिन बाहेर सांडायला लावतो आणि पंपाची दिशाच उलटवतो. भीमेच्या काठावर नदीतलं पाणी उचलून विहिरीत टाकणारी मोटार अचानक उलटी फिरावी आणि विहीर नदीत उपसली जावी, तसं. २०११ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी उंदरांच्या न्यूक्लियस अॅकम्बन्समध्ये बारीक नळी घालून हे मोजलं. मेफेड्रोन दिल्यावर डोपामिन नेहमीच्या सुमारे पाचपट झालं आणि सेरोटोनिन नऊपटींच्या वर गेलं. सेरोटोनिनच्या या लोंढ्यामुळे सगळे जवळचे वाटतात, मोकळं बोलावंसं वाटतं. डोपामिनमुळे अंगात बळ आणि डोक्यात खात्री येते. तिसरं रसायन नॉरअॅड्रेनॅलिन हृदय धडधडवतं, रक्तदाब चढवतं, भूक आणि झोप घालवतं. जबडा आवळला जातो, अंग तापतं.

हे फार वेळ टिकत नाही, आणि त्यातच या पावडरीचा खरा सापळा आहे. तासा-दोन तासांत नशा ओसरते, पिशव्या रिकाम्या झालेल्या असतात, मन खाली जातं, म्हणून पुन्हा पावडरीची एक ओळ, मग आणखी एक. एका बैठकीत रात्र संपते आणि ग्रॅमभर पावडरही. दुसऱ्या दिवशी मुलगा पडून असतो, बोलत नाही, कशात रस नाही. आई-वडील त्याला आळशी म्हणतात. कार्लसनच्या सशांचं जे झालं होतं, त्याचीच ही सौम्य आवृत्ती म्हणता येईल.

संशयाचं काय? एमडी घेणाऱ्याला बाहेर थांबलेली मोटारसायकल आपल्यासाठीच थांबलीय असं वाटतं, शेजारी आपल्याबद्दलच बोलतायत असं वाटतं. डोपामिनचं एक काम म्हणजे एखाद्या गोष्टीवर ‘ही महत्त्वाची आहे’ अशी खूण करणं. रोजच्या आयुष्यात ही खूण मोजक्या गोष्टींना लागते. डोपामिनचा पूर आला की ती सगळीकडे लागत सुटते. दाराचा आवाज, कुणाची नजर, गाडीचा नंबर, सगळ्याला अर्थ येतो. मन मग त्या अर्थांची एक गोष्ट रचतं, आणि ती गोष्ट बहुधा कटाची असते. मनोविकारतज्ज्ञ अशा वेळी जी औषधं देतात, ती डोपामिनचे ग्राही अडवतात. काही दिवसांत भीती ओसरू लागते. घरच्यांनी तोवर वाद घालून त्याची समजूत काढण्याचा प्रयत्न करू नये. त्याच्या दृष्टीने पुरावा त्याच्या डोळ्यांसमोर असतो.

पण नशा उतरल्यावरही ओढ का राहते? १९५४ मध्ये कॅनडात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदराच्या मेंदूत बारीक तार बसवली. तरफ दाबली की त्या जागी किंचित वीज जाई. उंदीर तासाला शेकडो वेळा ती तरफ दाबत राहिले. लोकांनी या जागेला आनंदकेंद्र म्हणून टाकलं. ते नाव आजही पाठ्यपुस्तकांत सापडतं, आणि माझ्या मते त्याने मोठा गैरसमज पसरवला. वोल्फ्राम शुल्झ यांनी माकडांच्या डोपामिन पेशी ऐकल्या तेव्हा वेगळंच दिसलं. फळाचा रस अचानक मिळाला की पेशी भडभडून बोलतात. मग दिवा लागल्यावर रस मिळतो हे माकड शिकलं, की पेशी दिव्याला बोलतात आणि रस मिळताना गप्प राहतात. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर त्यांचं बोलणं नेहमीपेक्षाही खाली जातं. म्हणजे डोपामिन अपेक्षेचा हिशेब ठेवतं, आणि त्या हिशेबातून मेंदू शिकतो. केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी १९९३ मध्ये याच्याही पुढे जाऊन मांडलं की आवडणं आणि हवंसं वाटणं या मेंदूतल्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. व्यसनात आवड कमी होत जाते आणि हवंसं वाटणं वाढत जातं. ‘आता त्यात मजा राहिली नाही, पण सोडवत नाही,’ असं जो सांगतो तो थापा मारत नाही. एमडीने सुटणारं डोपामिन कुठल्याही रसापेक्षा, पगारापेक्षा, लग्नापेक्षा मोठं असतं, म्हणून मेंदू त्याभोवतीचं सगळं फार पक्कं शिकतो: कोणता मित्र, कोणती टपरी, कोणत्या वळणावरचा अंधार, मोबाइलवरची कोणती हाक.

या ओढीला आवर घालणारं अग्रखंड माणसात सगळ्यात उशिरा पिकतं, पंचविशीच्या आसपास. ओढीची यंत्रणा मात्र सोळाव्या-सतराव्या वर्षीच पूर्ण जोमात असते. त्यामुळे कॉलेजातल्या मुलाच्या हातात पडलेली पुडी आणि चाळिशीतल्या माणसाच्या हातातली पुडी यांचा धोका सारखा नाही.

जागेचं महत्त्व सांगणारी एक ठळक नोंद आहे. १९७१ मध्ये व्हिएतनामहून परतणाऱ्या अमेरिकी सैनिकांत सुमारे पाचव्या हिश्शाला तिथे हेरॉइनचं व्यसन लागलेलं होतं. समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांनी त्यांचा माग ठेवला. घरी परतल्यावर पहिल्या वर्षात त्यांच्यातले शंभरात सुमारे पाचच पुन्हा व्यसनात पडले. ते जंगल, ते सोबती, ती भीती मागे राहिली होती. आपल्याकडे बहुतेक वेळा उलटं घडतं. मुलगा पुण्यात उपचार घेतो आणि ज्या स्टँडवर, ज्या मित्रांत सगळं सुरू झालं, तिथेच परत येऊन उतरतो. मग तो पुन्हा घसरला की ‘याच्यात दमच नाही’ म्हणतात. दमाचा प्रश्न तितकासा नसतो. काही महिने मावशीकडे राहणं, कामाची पाळी बदलणं, जुना मोबाइल क्रमांक बंद करणं ही उपचाराइतकीच ठोस गोष्ट आहे.

पुण्यात हे ओळखून काम करणारी संस्था गर्दच्या काळात उभी राहिली. गर्द म्हणजे ब्राऊन शुगर, हेरॉइनचं अशुद्ध रूप. ते डोपामिन पेशींना आवरून धरणाऱ्या पेशींना गप्प करतं, त्यामुळे डोपामिन मोकाट सुटतं. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरचे डॉ. अनिल अवचट यांनी गर्दवर लेख लिहिले, त्यांच्या पत्नी डॉ. अनिता येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या, आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीतून १९८६ च्या ऑगस्टमध्ये मुक्तांगण सुरू झालं. तिथे औषधांइतकाच भर ठरलेल्या दिनक्रमावर, गटात बोलण्यावर, व्यसनातून बाहेर आलेल्या माणसांच्या सोबतीवर आणि बायको, आई-वडील यांच्या समुपदेशनावर होता. पेशींच्या भाषेत सांगायचं तर नशेने जे शिकवलं, त्याच्या शेजारी नवं काही शिकवणं चालू होतं. हे महत्त्वाचं, कारण एमडीची ओढ घालवणारी गोळी अजून कुणाकडे नाही. हेरॉइनसाठी ब्युप्रेनॉर्फिन आहे. एमडीसाठी झोप, संशय आणि खिन्नता यांवर औषधं देता येतात, ओढीवर उपाय वर्तनाचाच आहे. कुठे जावं हे सुचत नसेल तर केंद्र सरकारचा १४४४६ हा मोफत क्रमांक त्यासाठीच आहे.

मेंदू पूर्वपदावर येतो का? एमडीच्या कुळातल्या मेथॲम्फेटामिनवर झालेलं काम दिलासा देणारं आहे. नोरा वोल्कॉव्ह यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवलं की व्यसनाच्या काळात घटलेले डोपामिनचे पंप सुमारे वर्ष ते दीड वर्ष पूर्ण दूर राहिलेल्यांत बऱ्याच अंशी वाढले. मात्र स्मरण आणि हालचाल यांच्या चाचण्यांतली सुधारणा त्या मानाने मागे राहिली. महिनाभराच्या उपचारानंतर ‘आता बरा झाला’ म्हणून त्याच्या हातात पगार, गाडी आणि मोकळ्या रात्री देणाऱ्या घराने हा वर्षाचा हिशेब ध्यानात ठेवावा.

आणि ज्या स्वयंपाकघरात बसून या मुलाला बोल लावले जातात, तिथेच फळीवर मिश्रीची डबी असते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ तंबाखूच्या कुठल्या ना कुठल्या रूपाचं सेवन करत होते, आणि त्यांतले बहुसंख्य धूर न ओढणारे. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. भाजली तरी निकोटिन उरतंच. तळहातावर मळलेल्या तंबाखूत चुना घालतात त्यामागे रसायन आहे: चुन्याच्या क्षारामुळे निकोटिन तोंडाच्या अस्तरातून चटकन रक्तात शिरतं. मेंदूत ते अॅसिटिलकोलीनचे, म्हणजे लोवींच्या बेडकाकडे सापडलेल्या त्याच रसायनाचे ग्राही गाठून डोपामिन पेशींना चेतवतं. आतड्यांनाही ते चालना देतं, म्हणून सकाळी मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, हे आजीचं म्हणणं खरं असतं. रोजच्या माऱ्यामुळे मेंदूतले हे ग्राही वाढतात, आणि एक वेळ चुकली की ते सगळे एकदम मागणी करतात. धूम्रपान सोडलेल्यांच्या मेंदूंची छायाचित्रं सांगतात की सहा ते बारा आठवड्यांत या ग्राहींची संख्या न ओढणाऱ्यांइतकी खाली येते. आजीने आज डबी ठेवून दिली, तर पहिले दोन-तीन आठवडे सगळ्यात जड जातील. चिडचिड होईल, झोप मोडेल, पोट बांधून येईल. त्या दिवसांत तिला कोमट पाणी, पालेभाजी, चालायला सोबत आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातला निकोटिन गमचा सल्ला मिळायला हवा, आणि ती मिश्री मागेल तेव्हा घरातल्या कुणी तिला हसू नये.